ऑपरेशन थिएटर टेक्निशियन व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. कुणाला फॉर्म भरायचा असतो, कुणाला नुसतं विचारायचं असतं की आता पुढं काय. गेल्या वर्षी जूनमध्ये एक वालिद मुलाला घेऊन आले. टेंपो चालवतात. हातात एक रंगीत कागद होता. म्हणाले, "सर, पोरगा डॉक्टर तर होणार नाही आता. नीटमध्ये नंबर नाही लागला. पण हे लोक म्हणतात, सहा महिन्यांत ऑपरेशनवाला करून देऊ. डिप्लोमा मिळेल, शंभर टक्के नोकरी. आज निम्मी फी भरली तर सूट आहे."

कागदावर हिरव्या कपड्यांतल्या डॉक्टरांचा फोटो होता, खाली मोबाइल नंबर होता. विद्यापीठाचं नाव कुठेच नव्हतं.

आम्ही त्यांना बसवलं, चहा दिला आणि आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. त्यानंही असाच एक कोर्स केला होता. अम्मीच्या बांगड्या मोडून फी भरली. प्रमाणपत्र मिळालं, एका छोट्या दवाखान्यात कामही मिळालं. मुलगा हुशार, मेहनती. दोन-तीन वर्षांत हात तयार झाला. मग सरकारी भरती निघाली. अर्ज केला आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडला. नंतर मामूंनी आखातात एका हॉस्पिटलमध्ये शब्द टाकला. तिथंही प्रमाणपत्र तपासायला गेलं आणि परत आलं. ज्या संस्थेनं ते दिलं होतं, तिच्या दारावर तोवर कपड्यांच्या दुकानाची पाटी लागली होती. मुलगा आजही त्याच छोट्या दवाखान्यात आहे. काम टेक्निशियनचं करतो, पगार मदतनिसाचा घेतो.

हा लेख लिहिण्याचं कारण हेच. ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, ज्याला हॉस्पिटलमध्ये नुसतं 'ओटी टेक्निशियन' म्हणतात, हे अतिशय चांगलं, इज्जतीचं आणि हलाल रोजीचं काम आहे. आपल्या मुला-मुलींनी या क्षेत्रात जरूर जावं. पण सरळ रस्त्यानं जावं. तो रस्ता कोणता, हे नीट समजून घेऊ या.

ओटी टेक्निशियन नेमकं करतो काय?

आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की सर्जन आठवतो. फार तर भूल देणारे डॉक्टर आठवतात. पण सर्जन आत येण्याआधी तास-दीड तास कुणीतरी ती खोली तयार केलेली असते, आणि सर्जन निघून गेल्यावरही कुणीतरी ती आवरत असतं. त्यात नर्स असतात, वॉर्डबॉय असतात, आणि यंत्रं व अवजारं ज्याच्या भरवशावर असतात तो टेक्निशियन असतो.

दिवसाची सुरुवात तपासणीनं होते. ऑपरेशनचं टेबल वर-खाली होतं का, डोक्यावरचे दिवे लागतात का, सक्शन मशीन ओढतं का हे पाहायचं. भुलीच्या यंत्रात ऑक्सिजन येतो का, मुख्य लाइन बंद पडली तर जोडीचा सिलिंडर भरलेला आहे का, हे बघायचं. घशात नळी घालण्यासाठी जो लॅरिंगोस्कोप वापरतात, त्याचा छोटा दिवा पेटतो का हेसुद्धा रोज बघावं लागतं. पेशंटला भूल दिल्यावर त्याचा श्वास आपल्या हातात असतो. त्या वेळी तो छोटा दिवा लागला नाही, तर मोठमोठ्या डिग्र्यांचा उपयोग होत नाही.

मग पेशंट आत येतो. त्याला टेबलावर नीट झोपवणं हेही शिकण्याचं काम आहे. पोटाच्या ऑपरेशनला उताणं, पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनला पालथं, काही ऑपरेशनना पाय वर बांधून. भूल दिलेला माणूस 'इथं टोचतंय' असं सांगू शकत नाही. कोपराखाली किंवा गुडघ्याच्या बाजूला गादी नीट लावली नाही, तर तीन तास दाबली गेलेली नस नंतर महिनोन्‌महिने त्रास देते. रक्त थांबवण्यासाठी विजेवर चालणारं कॉटरी मशीन वापरतात. त्याची प्लेट पेशंटच्या मांडीला पूर्ण चिकटलेली हवी. अर्धवट चिकटली तर तिथं भाजतं. ऑपरेशन अपेंडिक्सचं आणि जखम मांडीवर, असा प्रकार होतो.

ऑपरेशन चालू असताना काही टेक्निशियन निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या शेजारी उभे राहतात आणि आर्टरी फोर्सेप्स, नीडल होल्डर, रिट्रॅक्टर अशी अवजारं मागण्याआधी हातात देतात. पुष्कळ हॉस्पिटलांत हे काम नर्स करतात आणि टेक्निशियन यंत्रांची बाजू सांभाळतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा, प्रकाश आणि पोट फुगवण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू, हाडांच्या ऑपरेशनमध्ये सी-आर्म नावाचं एक्स-रे यंत्र, हे सारं त्याच्याकडे असतं.

शेवटी मोजणी. आत किती मॉप घेतले, किती गॉज, किती सुया, हे सुरुवातीला मोजून फळ्यावर लिहायचं आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायचं. एक गॉज कमी भरला तर सर्जन कितीही घाईत असो, थांबायला सांगायचं. पेशंटच्या पोटात राहिलेला एक कपडा म्हणजे दुसरं ऑपरेशन, कधी जिवाशी गाठ. आणि बायोप्सीसाठी काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकून त्यावर लगेच नाव लिहायचं. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली, तर कॅन्सर नसलेल्याला कॅन्सर आणि कॅन्सर असलेल्याला 'सगळं ठीक' असा रिपोर्ट जाईल.

पाक आणि निर्जंतुक यांतला फरक

आम्ही मुलांना हा विषय समजावताना घरातलंच उदाहरण देतो. आपल्या घरात स्वच्छतेचा, तहारतीचा संस्कार लहानपणापासून असतो. तीन वेळा धुतलेलं भांडं, कपडा आपण पाक मानतो. नमाजसाठी ते पुरेसं आहे. पण ओटीत तेवढ्यानं भागत नाही. साबणानं धुतलेल्या चकचकीत कात्रीवरही न दिसणारे जंतू आणि त्यांचे कठीण कवचाचे बीजाणू असतात. ते मारायला वाफ लागते, आणि साधी वाफ नाही, दाबाखालची.

म्हणून अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये टाकतात. हा घरातल्या कुकरचा मोठा भाऊ समजा. १२१ अंश सेल्सिअस तापमान, चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब, आणि सामानाप्रमाणे १५ ते ३० मिनिटं वेळ. मोठ्या हॉस्पिटलांतली यंत्रं १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांतही काम करतात. गठ्ठ्यावर एक पट्टी लावलेली असते, उष्णता लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. पण ती पट्टी फक्त बाहेरची खबर देते. वाफ गठ्ठ्याच्या आतपर्यंत पोहोचली का, हे कळायला आत वेगळी पट्टी ठेवावी लागते. गठ्ठा ओला निघाला तर तो वापरायचा नाही. हे सगळं का करायचं, हे ज्याला शिकवलेलं असतं तोच घाईच्या वेळी नियम पाळतो. ज्याला नुसतं 'हे बटण दाब' एवढंच सांगितलेलं असतं, तो घाईत पायरी गाळतो.

आता या कामातली सर्वांत मोठी गोष्ट. हातमोजे घालून उभे असताना हात चुकून टेबलाच्या कडेला लागला. कुणी पाहिलं नाही. सर्जनचं लक्ष जखमेत, नर्सचं मॉनिटरवर. अशा वेळी टेक्निशियननं स्वतः म्हणायचं असतं, "माझा हात लागला, ग्लोव्हज बदलतो." त्यानं सांगितलं नाही तर पाच दिवसांनी पेशंटच्या टाक्यांत पू होईल आणि कारण कुणालाच कळणार नाही. आपण अमानत म्हणतो ती हीच. बेशुद्ध माणूस आपला जीव आपल्या हवाली करून झोपलेला असतो.

एक कागद आणि वाचलेले जीव

हे छोट्या-छोट्या तपासण्यांचं काम किती मोलाचं आहे, याचा एक पुरावा जगासमोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. ते काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गवांदे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले, शेतकरी घरातून शिकून डॉक्टर झालेले.

या यादीचे तीन टप्पे आहेत. भूल देण्याआधी: पेशंटचं नाव, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं, कशाची अॅलर्जी आहे. चीर देण्याआधी: सगळ्यांनी एक क्षण थांबून आपलं नाव आणि काम सांगायचं, पेशंट व ऑपरेशन पुन्हा पक्कं करायचं. पेशंट बाहेर नेण्याआधी: मोजणी पूर्ण झाली का, तुकड्याच्या बाटलीवर नाव आहे का.

जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ही यादी वापरून पाहिली. त्यांत आपलं दिल्लीही होतं. २००९ मध्ये निकाल छापून आले. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त प्रत्येकानं आपलं काम मोठ्यानं बोलून तपासलं. त्या यादीतल्या कितीतरी मुद्द्यांची उत्तरं द्यायला टेक्निशियनच उभा असतो. तेव्हा 'डॉक्टर नाही, नुसता टेक्निशियन' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे जरूर सांगा.

अवजारांची कदर करण्याची आपली परंपराही जुनी आहे. दहाव्या शतकात कुर्तुबा इथं, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कॉर्डोबा भागात, अबुल कासिम अल-ज़हरावी हे मोठे सर्जन होऊन गेले. त्यांच्या 'किताब अल-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात सुमारे २०० अवजारांची वर्णनं व चित्रं आहेत. लॅटिन भाषांतर होऊन तो युरोपात शेकडो वर्षं शिकवला गेला. अवजार कसं धरायचं, कशासाठी वापरायचं, हे लिहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

सरळ रस्ता कोणता?

महाराष्ट्रात या शिक्षणाचा पक्का मार्ग म्हणजे बीपीएमटी, पूर्ण नाव बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. हा पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आहे. एमबीबीएसची पदवी देणारं विद्यापीठही हेच. बारावी विज्ञान शाखेतून इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांसह उत्तीर्ण व्हावं लागतं. तीन वर्षं अभ्यास आणि त्यानंतर हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. यात ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, अॅनेस्थेशिया टेक्निशियन, रेडिओग्राफी, लॅबोरेटरी, कार्डिओलॉजी, रक्तपेढी, एंडोस्कोपी, परफ्युजन अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. परफ्युजनवाला हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसाचं यंत्र चालवतो. तीही एक वेगळी आणि मागणी असलेली वाट आहे.

काही विद्यापीठांत हेच शिक्षण बीएस्सी ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी या नावानं मिळतं. त्याशिवाय मान्यताप्राप्त डिप्लोमेही आहेत. प्रवेशाच्या तारखा, जागा आणि निवडीचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका विद्यापीठाच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या वेबसाइटवरूनच घ्या, एजंटच्या व्हॉट्सअॅपवरून नको. निकालाआधीच मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदं तयार ठेवा. आमच्या अनुभवात अर्धी मुलं गुणांमुळे नाही, दाखल्यामुळे मागं राहतात.

२,००० तासांचा हिशोब

आता कायद्याची गोष्ट. मार्च २०२१ मध्ये संसदेनं या सगळ्या क्षेत्रासाठी एक राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्याच्या यादीत आरोग्य सेवेतल्या कामांचे दहा गट आहेत आणि ओटी टेक्नॉलॉजिस्ट, अॅनेस्थेशिया टेक्निशियन यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हे आता 'दवाखान्यातला पोरगा' असलं काम राहिलं नाही, तो कायद्यानं ओळखलेला पेशा आहे.

या कायद्यात एक आकडा आहे, तो प्रत्येक पालकानं पाठ करावा. 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण हवं, दोन ते चार वर्षांत पूर्ण झालेलं. त्याच्या वरच्या 'हेल्थकेअर प्रोफेशनल' या पायरीला किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत.

आता साधं गणित करा. सहा महिन्यांचा कोर्स, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास. महिन्याला साधारण ४०-४५ तास होतात. सहा महिन्यांत २७० तास म्हणा. कुठं २७० आणि कुठं २,०००! त्या वालिदांसमोर आम्ही हेच गणित त्यांच्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

काही ठिकाणी 'घरबसल्या करा, फक्त परीक्षेला या' असंही सांगतात. पोहायला पुस्तकातून शिकता येत नाही, तसं हे कामही पोस्टानं शिकता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२५ मध्ये या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली आहे.

थोड्या महिन्यांचे सरकारी कौशल्य-प्रशिक्षण वर्गही असतात. ते खोटे नाहीत. हॉस्पिटलमध्ये मदतनीस म्हणून पाऊल टाकायला ते कामाचे आहेत. पण ते पदवीच्या किंवा डिप्लोम्याच्या जागी चालत नाहीत, हे आधीच समजून जावं.

फी भरण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पहिला: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं किंवा सरकारी मंडळाचं नाव येणार? संस्थेचं स्वतःचं नाव, एखादा ट्रस्ट, किंवा 'आयएसओ मान्यता' हे उत्तर चालणार नाही. आयएसओचं प्रमाणपत्र कुणाला शिक्षण द्यायचा अधिकार देत नाही. ज्या विद्यापीठाचं नाव सांगतील, त्याच्या वेबसाइटवर संलग्न कॉलेजांच्या यादीत ही संस्था आणि हाच कोर्स आहे का, ते स्वतः बघा. येत नसेल तर शाळेतल्या शिक्षकाला बसवून बघा.

दुसरा: शिक्षण झाल्यावर नोंदणी होणार का? आपल्या राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ हा कायदा आहे आणि त्याखाली परावैद्यक परिषद आहे. नर्सची नर्सिंग कौन्सिलकडे, डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे, तशी या पेशाचीही नोंदणी असते. या कोर्सच्या जुन्या विद्यार्थ्यांची नोंदणी झाली का, हे विचारा. एक-दोघांशी फोनवर बोलायला मागा.

तिसरा: प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलमध्ये? तिथं किती ओटी आहेत, रोज ऑपरेशन होतात का? उत्तर मिळालं की त्या हॉस्पिटलमध्ये स्वतः जाऊन चौकशी करा. सरकारी मेडिकल कॉलेजचा मोठा फायदा इथंच असतो. मुंबईचं जेजे, पुण्याचं ससून, किंवा नागपूर, मिरज, सोलापूर, अंबाजोगाई, नांदेड, धुळे अशा ठिकाणच्या कॉलेजांना जोडलेल्या हॉस्पिटलांत पेशंटची रीघ असते. तिथं मुलाला एका वर्षात जे बघायला मिळतं, ते छोट्या ठिकाणी पाच वर्षांत मिळत नाही.

या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर कितीही सूट असो, उठून यायचं. 'आजच भरा, उद्या जागा संपेल' असं म्हणणाऱ्यापासून तर आणखी लवकर उठायचं.

पैशांची सोय

सरकारी कॉलेजची फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. त्यावर शिष्यवृत्त्या आहेत. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण त्यासाठी जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर लागतं. आपल्या घरात आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं आणि मग धावपळ होते. म्हणून हे काम दहावीतच सुरू करा. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. अम्मीच्या बांगड्या सर्वांत शेवटी.

मुलींच्या अम्मी-अब्बांसाठी

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "सर, मुलीला पाठवावं का? पर्दा, रात्रीची ड्युटी, हे कसं?"

पहिली गोष्ट, ओटीत सगळ्यांचेच केस पूर्ण झाकलेले असतात. टोपी, मास्क, ढगळ कपडे हा तिथला नियमच आहे. साध्या टोपीऐवजी कान आणि मान झाकणारे हूडही मिळतात. अडचण बाह्यांची येते. निर्जंतुक होऊन उभं राहायचं तर हात कोपरापर्यंत उघडे ठेवून घासून धुवावे लागतात. त्यानंतर मनगटापर्यंत गाऊन आणि हातमोजे घालतात. २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या मेडिकल कॉलेजमधल्या काही मुस्लिम विद्यार्थिनींनी हूड आणि लांब बाह्यांची परवानगी मागितली होती, तेव्हा देशभर चर्चा झाली. आमचं सांगणं इतकंच: बाहेरून घालून आलेला स्कार्फ किंवा बुरखा आत चालणार नाही, कारण त्यावरची धूळ पेशंटच्या जखमेत जाऊ शकते. पण हॉस्पिटलनंच धुऊन, तयार करून दिलेला हूड ही वेगळी गोष्ट आहे. प्रवेश घेतानाच प्रमुखांना अदबीनं विचारावं. शरीयतची शंका असेल तर जाणकार आलिमना विचारावं, गल्लीतल्या गप्पांवर मुलीचं शिक्षण थांबवू नये.

आणि दुसरी बाजूही बघा. आपल्याच घरातली बाई ऑपरेशनला जाते तेव्हा आपण म्हणतो, आत कुणी लेडीज असेल ना? सिझेरियनच्या टेबलावर झोपलेल्या सुनेला आपल्या भाषेत 'घाबरू नको बेटा' म्हणणारी टेक्निशियन हवी असेल, तर ती कुणाच्या तरी घरातून निघालीच पाहिजे.

रात्रपाळी असते, हे खरं. तिचं वेळापत्रक आधी लागतं. होस्टेल आहे का, घरी यायला सोय काय, हे आधी विचारून ठरवा.

काम सोपं नाही

मुलांनाही दोन शब्द. तासन्‌तास उभं राहावं लागतं. पहिल्यांदा रक्त बघून चक्कर येणारे पुष्कळ असतात. बहुतेकांची ती सवय होते, काहींची होत नाही. म्हणून प्रवेशाआधी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून हॉस्पिटलचं वातावरण दोन-चार दिवस बघून या. सुई टोचण्याचा धोका असतो. कावीळ 'बी'ची लस सुरुवातीलाच घ्यावी: पहिला डोस, मग एक महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुऊन लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. लाजेनं लपवलं तर स्वतःचंच नुकसान.

उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शब्दांची भीती वाटते. आम्ही सांगतो, रोज दहा शब्द वहीत लिहा, बाजूला उर्दूत किंवा मराठीत अर्थ. वर्षभरात भीती जाते. अवजारांची नावं तर मेकॅनिकच्या पान्यांसारखी हातातूनच पाठ होतात.

पगाराचंही खरं सांगतो. छोट्या गावातल्या खासगी दवाखान्यात पहिला पगार थोडाच असतो. कधी-कधी गवंडीकाम करणारा भाऊ जास्त कमावतो. पण पदवी, नोंदणी आणि मोठ्या हॉस्पिटलचा अनुभव जमा झाला की दारं उघडतात: सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं, ईएसआय, रेल्वे, नागपूरचं एम्स, शहरांतली मोठी खासगी हॉस्पिटलं. कोकणातून, मराठवाड्यातून आखातात जाणारी आपली घरं खूप आहेत. तिथंही या कामाला मागणी आहे. पण सौदीत हेल्थ स्पेशालिटीज कमिशन, दुबईत हेल्थ अथॉरिटी यांच्या परवान्याशिवाय काम नाही. त्यासाठी डेटाफ्लो नावाची कंपनी तुमची पदवी ज्या विद्यापीठानं दिली त्यालाच विचारून तपासते. संगणकावरची परीक्षाही द्यावी लागते. खोटा कागद गावातल्या दवाखान्यात चालून जातो, समुद्र ओलांडत नाही.

त्या मुलाचं काय झालं?

टेंपोवाले वालिद त्या दिवशी कागद घडी घालून खिशात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला. आम्ही मिळून माहितीपुस्तिका काढली, दाखल्यांची यादी केली. पहिल्या फेरीत नाव आलं नाही. घरी चिडचिड झाली. दुसऱ्या एका सरकारी कॉलेजात शेवटच्या फेरीत जागा मिळाली, घरापासून दोनशे किलोमीटरवर.

या ईदला तो भेटायला आला होता. हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. अब्बा कौतुकानं सांगत होते की पोरगा आता घरी जेवणाआधीसुद्धा कोपरापर्यंत हात धुतो, अम्मी वैतागते. आम्ही विचारलं, "काय शिकलास?" तो म्हणाला, "सर, अजून तर फक्त मोजायला शिकवतायत."

आम्ही म्हटलं, नीट शिक. अजून तीन वर्षं आहेत.